मदत हवी आहे: चाळकेवाडी ते सडावाघापूर, पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याने सायकल जाईल का?

डिसेंबरात आम्ही दोघी सातारा ते पाटण ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल) एका दिवसात करू पाहतोय. सातारा, सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी इथपर्यंत डांबरी रस्ता आहे, चढही ओळखीचा. प्रश्न त्यापुढचा आहे. महामार्ग टाळून, पठारावरूनच दक्षिणेला सडावाघापूरकडे सरकायचं आणि मग पाटणला उतरायचं.

उपग्रह नकाशात पवनचक्क्यांना जोडणारे कच्चे रस्ते स्पष्ट दिसतात, पण मधे काही ठिकाणी ते तुटतात. मोबाइलवरचा नकाशा तिथे थेट खाली तारळ्याच्या खोऱ्यात उतरवतो. साताऱ्यातल्या सायकलवाल्यांना विचारलं. एक म्हणाले रस्ता सलग आहे, दुसरे म्हणाले फाटक लागतं.

टायर ४० मिमी, ट्यूबलेस. सुट्टा जांभा, खडी चालेल. सायकल थोडी ढकलावी लागली तरी हरकत नाही, पण रस्ता सोडून सड्यावरून (पठारावरच्या उघड्या कातळावरून) सायकल घालायची नाही. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की चाकोरी पडली की पावसाळ्यातली फुलं तिथे पुन्हा सहज येत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतही शिरायचं नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत हा पट्टा सायकलने किंवा मोटारसायकलने कुणी केलाय का? फाटकं कुठे आहेत, परवानगी कुणाकडे मागायची? चाळकेवाडीनंतर पाणी कोणत्या वाडीत मिळेल? आणि पाटणहून परतताना एसटीच्या टपावर सायकली घेतात का?