गौरवग्रंथ हवाच, पण वह्या आणि दगडांचं काय?

शोधनिबंधांची यादी आणि एक गौरवग्रंथ काढला की निवृत्त होणाऱ्या भूवैज्ञानिकाचा यथोचित सन्मान झाला, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. निबंध कुठे ना कुठे सापडतातच. हरवतात ते दगड आणि वह्या. आमचे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची खोली आवरायला आम्ही काही विद्यार्थी गेलो होतो. कपाटात शेकडो काचपट्ट्या, प्रत्येकीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीचा खडकाचा काप आणि कोपऱ्यात कोरलेला क्रमांक. त्या क्रमांकाचा अर्थ मात्र सरांच्या फील्डच्या वह्यांत: नमुना कुठल्या ओढ्याच्या काठचा, थराची नती (म्हणजे उतार) किती अंश, कोणत्या दिशेला, शेजारी पेन्सिलीने काढलेली छोटी आकृती. दोन वह्या आधीच रद्दीत गेल्या होत्या. त्यांतले नमुने आता नुसते दगड आहेत, आणि ते मला अजून सलतं.

याउलट उदाहरण केंब्रिजच्या अ‍ॅडम सेजविक यांचं. ते १८१८ पासून १८७३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथे भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. १८३१ च्या उन्हाळ्यात तरुण डार्विनला उत्तर वेल्समध्ये खडक वाचायला त्यांनीच नेलं. त्यांच्या स्मरणार्थ १९०४ मध्ये उघडलं ते भूविज्ञानाचं संग्रहालय, आणि त्यांनी जमवलेले जीवाश्म तिथे आजही अभ्यासायला मिळतात. म्हणून सत्काराच्या निधीतला थोडा भाग नमुन्यांची सूची करायला आणि वह्या स्कॅन करायला काढून ठेवा. तेही सत्कारमूर्ती शेजारी बसून प्रत्येक क्रमांकामागची हकिकत सांगू शकतात तोवरच.