चिमणीची टोपी: जाळी केवढी, धातू कुठला, आणि साफ कशी ठेवायची?

कौलावरचा

विटांची चिमणी आहे. माथ्यावर उताराची काँक्रीट लादी आणि तिच्यातून वर आलेल्या भाजक्या मातीच्या दोन चौकोनी धूरनळ्या. पहिली लाकडाच्या फायरप्लेसची: बाहेरून ३३० × ३३० मिमी, आतून २८५ × २८५, लादीच्या वर ९० मिमी. दुसरी गॅस बॉयलरची, आकाराने लहान आणि लादीच्या जवळपास पातळीतच संपणारी. दोन्हींवर मिळून जस्ताच्या पत्र्याची एकच बसकी टोपी आहे. विटांवर तांबूस ओघळ आलेत, जाळीचा एक कोपरा सुटलाय, आणि लाकूड पेटवलं की थोडा धूर खोलीत येतो.

एकच मोठी टोपी घ्यावी की दोन वेगळ्या? धातू कुठला? जाळी काढून टाका असंही काही जण सांगतात, ते कितपत बरोबर? आणि वाऱ्याने फिरणारी टोपी लावली तर खोलीतला धूर थांबेल का?

पत्रा_आणि_रिबीट

दोन वेगळ्या घ्या. लाकूड आणि गॅस एकाच झाकणाखाली असले, त्यातही नळ्यांची तोंडं शेजारी-शेजारी असली, की एका नळीतून वर आलेला धूर दुसऱ्या थंड नळीतून खाली ओढला जातो. बॉयलर बंद आणि फायरप्लेस चालू असताना हे हमखास घडतं. एकच टोपी ठेवायची झाली तर नळ्यांच्या उंचीत निदान १०० मिमी फरक हवा किंवा मध्ये धातूचा पडदा. तेवढी खटपट करण्यापेक्षा दोन टोप्या सोप्या पडतात.

मापाबद्दल. नळीवर चढणाऱ्या टोपीसाठी *बाहेरचं* माप लागतं, आणि तेही दोन्ही बाजूंचं, कारण भाजलेली नळी क्वचितच अगदी चौरस असते. टोपीचा पट्टा नळीपेक्षा ५ ते १० मिमी मोठा घ्या. चारही बाजूंना स्क्रू हवेत. दोनच बाजूंना असले तर टोपी वाऱ्यात डुलते आणि रात्रभर खडखडते. स्क्रू हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा, बस. मातीची नळी दाबाने उभी तडकते. ती तडक खाली लादीत शिरली की पाणी थेट विटांत मुरतं, आणि ती दुरुस्ती टोपीच्या कितीतरी पट महाग पडते. नळीला ड्रिलने भोक पाडायचा तर विचारही नको.

तुमची ९० मिमी वर आलेली नळी अशा टोपीला पुरेशी आहे. नळी लादीच्या पातळीत असेल तर पायांची टोपी (स्प्रिंगचे पाय नळीच्या आत ताणून बसतात) किंवा लादीवर बसणारी, कडेला पट्टी असलेली टोपी लागते. लादीवरची टोपी काँक्रीट स्क्रूने पक्की करायची. भोकं लादीच्या कडेपासून निदान ५० मिमी आत घ्या, नाहीतर कोपरा फुटतो. भोकातली धूळ फुंकून काढा आणि पट्टीखाली बाहेरच्या वापराचा सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरा. ॲक्रिलिक भरलं तर पहिल्या मोसमातच सुटतं.

धातू: जस्ताचा पत्रा स्वस्त असतो, पण काजळीत पाणी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि ते जस्त खाऊन टाकतं. गॅसच्या धुरातून गळणारं पाणीही आम्लधर्मीच असतं. जस्त गेलं की खालचं लोखंड गंजतं, तुमच्या विटांवरचे तांबूस ओघळ त्याचेच. ३०४ प्रतीचं स्टेनलेस घ्या. घर समुद्राकाठी असेल तर ३१६, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत टिकतं. झाकण ०.६ मिमीहून पातळ नको, फडफडतं. ॲल्युमिनियम लाकडाच्या नळीवर अजिबात नको. ते ६६० अंशांना वितळतं आणि चिमणीत आतली काजळी पेटली तर तापमान हजाराच्या वर जातं. तांब्याची टोपी सुंदर दिसते, टिकतेही, पण तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या जस्ताच्या पत्र्याला किंवा पन्हळीला खातं. छपरावर जस्त असेल तर तांबं विसरा.

वारा_मोजणारा

जाळीबद्दल माझं मत वेगळं. बंद पडणाऱ्या चिमण्यांत निम्मा दोष जाळीचाच असतो. बारीक जाळी लाकडाच्या धुरात बघता बघता बुजते, आणि ती बुजली हे खोलीत धूर येईपर्यंत कळत नाही. जवळपास झाडं नाहीत, छप्पर पेट घेणारं नाही, तर नुसतं झाकण आणि चार पाय पुरतात.

काजळीशास्त्र

@वारा_मोजणारा, बुजते हे खरं, पण दोष जाळीचा नाही, तिच्या मापाचा. जाळीच नसेल तर पक्षी घरटं करतात, आणि काटक्यांनी भरलेली नळी बुजलेल्या जाळीपेक्षा वाईट. ठिणग्यांचा प्रश्न वेगळाच.

ठिणगीरोधक जाळीसाठी अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत दिलेलं माप कुठेही वापरण्यासारखं आहे: छिद्रातून १० मिमीचा गोळा पार व्हावा, १३ मिमीचा होऊ नये, आणि जाळीची एकूण मोकळी जागा नळीच्या तोंडाच्या चौपट असावी. म्हणजे तीन चतुर्थांश जाळी बुजली तरी उरलेली जागा नळीएवढी भरते.

@कौलावरचा, तुमच्या आकड्यांवर हिशोब करू. नळीचं तोंड २८.५ × २८.५, म्हणजे सुमारे ८१२ चौ. सेमी. त्याच्या चौपट ३,२५०. टोपी ४० × ४० सेमीची धरली तर जाळीचा घेर १६० सेमी. १२ मिमी छिद्र आणि १.२ मिमी तार असली तर जाळीतला सुमारे ८२ टक्के भाग मोकळा असतो. तेव्हा जाळीची उंची २५ सेमीच्या आसपास हवी. बाजारातल्या बसक्या टोप्यांची जाळी १५ सेमी भरते, तिच्यात अडीच पटसुद्धा मिळत नाही. उंच टोपी दिसायला बेढब, पण तीच घ्या. तार जाड किंवा छिद्र लहान असेल तर मोकळा भाग कमी होतो आणि उंची आणखी वाढवावी लागते.

झाकण नळीच्या तोंडापासून किती वर हवं हाही प्रश्न असतोच. नळीच्या बाजूच्या पाव भागाएवढं अंतर (तुमच्याकडे ७१ मिमी) ठेवलं तर चारही बाजूंची फट नेमकी तोंडाएवढी होते. ते अगदी किमान. १४० मिमी किंवा जास्त ठेवा.

आता साफसफाई. टोपी हा अख्ख्या धुराड्यातला सर्वात थंड भाग. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातलं क्रिओसोट (लाकडाच्या धुरातलं डांबर) चिकटायला लागतं, म्हणून जाळी नळीच्या आधी बुजते. जाळी हाताशी घेऊन पाहिली की तीन प्रकार ओळखू येतात. भुरभुरीत काळी पूड ब्रशने झडते. कडक, कुरकुरीत पापुद्रे खरवडावे लागतात. तिसरा प्रकार चकचकीत, वितळलेल्या डांबरासारखा, तारांच्या कोपऱ्याकोपऱ्यात थेंब गोठल्यासारखा दिसतो. हा तिसरा दिसला तर टोपी धुऊन परत लावून मोकळे होऊ नका. खाली नळीतही तोच थर असणार, आणि तोच पेटतो. तिथे चिमणी साफ करणारा जाणकार लागतो.

क्रम असा ठेवा. आदल्या दिवसापासून आग बंद, राख पूर्ण थंड. फायरप्लेसचं तोंड प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने बंद करा. टोपी *काढून* खाली आणा. जागेवर ब्रश मारला तर सगळी पूड नळीत पडते आणि फायरप्लेसच्या मागच्या कप्प्यात साठते. स्टेनलेसला स्टेनलेसचाच ब्रश घ्या, साध्या लोखंडी ब्रशचे कण जाळीत रुततात, गंजतात आणि मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्हींना खातो, तिथे वापरू नका. टोपी उतरलेली असतानाच नळीत टॉर्च मारून बघा, लादीवरच्या बारीक भेगा तपासा आणि भरून घ्या. परत लावताना स्क्रूच्या आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा, कारण स्टेनलेसचा स्क्रू स्टेनलेसच्या नटात जाम होतो आणि पुढच्या वेळी कापावाच लागतो.

हे काम आगीचा मोसम सुरू होण्याआधी एकदा करायचंच. मोसमात मधूनमधून खालून दुर्बिणीने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून जाळी बघा. तिच्यातून पलीकडचं आकाश दिसेनासं झालं की मोसम संपायची वाट बघू नका. जाळी वाकडी झालेली किंवा झाकणाचा रंग एका बाजूने निळसर-तपकिरी पडलेला दिसला तर नळीत काजळी पेटून गेली असण्याची शक्यता आहे, नळीची तपासणी होईपर्यंत आग लावू नका.

आणि जाळी महिनाभरात बुजत असेल तर कारण बहुतेक ओलं लाकूड किंवा हवा बंद करून धुमसत ठेवलेली आग. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. ओल मोजायचं यंत्र वापरताना ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. सालीवर टोचलं तर आकडा फसवतो.

वारा_मोजणारा

चौपटीचा हिशोब पटला. बसक्या टोपीवर बारीक जाळी असेल तर ती नसलेली बरी, एवढंच आता म्हणतो.

फिरत्या टोपीबद्दल: आधी धूर येतो कशामुळे ते शोधा. वारा नसलेल्या दिवशी टोपी काढून छोटी आग लावा. धूर आला नाही तर दोष टोपीचाच. तरीही आला तर जवळची खिडकी थोडी उघडा. त्याने थांबला तर घरात हवा कमी पडतेय, बहुधा स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट ती ओढतोय. त्यावर छपरावर काहीही बसवलं तरी उपयोग नाही. फक्त पेटवतानाच येत असेल तर नळी थंड असते. वर्तमानपत्राचा बोळा पेटवून डँपरजवळ (नळीच्या तळाशी असलेल्या झडपेजवळ) धरा, आतली थंड हवा वर सरकली की मग लाकूड.

फक्त वाऱ्याच्या दिवशी, त्यातही एकाच दिशेच्या वाऱ्यात धूर येत असेल तर उंची तपासा. चिमणी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ०.९ मीटर वर हवी आणि ३ मीटरच्या आतल्या कुठल्याही उंच भागापेक्षा ०.६ मीटर वर. उंची बरोबर असूनही वारा खाली दाबत असेल तरच खास टोपी घ्या. त्यातही फिरती नको: लाकडाच्या धुरात तिचा बेअरिंग डांबराने जाम होतो, आणि थांबलेली फिरती टोपी नुसता अडथळा बनते. न फिरणारी, वारा वळवणाऱ्या पत्र्यांची मिळते, ती बरी.

कौलावरचा

आभार. जाळी आतून काळी चकचकीत आहे, म्हणजे तिसरा प्रकार. गॅसच्या नळीवर तशीच, फक्त छोट्या मापाची टोपी चालेल ना?

पत्रा_आणि_रिबीट

नाही. आधी त्या नळीत धातूची आतली नळी घातली आहे का ते बघा. असेल तर वरचं टोक बॉयलर बनवणाऱ्याने नेमून दिलेलंच लागतं आणि ते गॅसच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्या. बॉयलरचा धूर मुळातच मंद चढतो, चुकीच्या टोपीने अडला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला वास नसतो. कारखान्यात बनलेल्या दुपदरी धातूच्या चिमण्यांनाही हेच लागू: त्यांतल्या काहींच्या दोन पदरांमधल्या फटीतून हवा खेळते, भलती टोपी ती फट बंद करते.

चकचकीत थर आहे म्हणता, तर फायरप्लेस आजपासून बंद. आधी नळीची सफाई आणि तपासणी, टोपी त्यानंतर. जुनी टोपी उतरवताना तिच्यात घरटं आहे का बघा. अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावं लागेल, बऱ्याच देशांत तसा कायदाही आहे. आढ्याला अडकणारी शिडी वापरा, खाली एक माणूस उभा ठेवा, कौलं ओली असताना चढू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो टोपीच्या आधी घ्या.