मदत हवी आहे: हिटलर-स्टालिनचं व्यंगचित्र नववीला कसं शिकवावं?

खडूफळा:
व्यंगचित्रकार डेव्हिड लोचं 'रॉन्देव्हू' (म्हणजे 'ठरलेली भेट') घ्यायचंय (ईव्हनिंग स्टँडर्ड, लंडन, २० सप्टेंबर १९३९). मराठी माध्यम, ६० मुलं, ३५ मिनिटांचा तास. उत्तरं दोनच येतात: 'दोघं वाकून नमस्कार करतायत' नाहीतर थेट 'हिटलर क्रूर होता'. मधलं काही निघतच नाही. क्रम कसा लावू?

रेघोटी:
संवाद आणि शीर्षक कागदाच्या पट्ट्यांनी झाकूनच चित्र द्या. पहिली ७ मिनिटं फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहायचं: हातात काढलेल्या टोप्या, कमरेतून वाकणं, मध्ये आडवा पडलेला माणूस, मागे पडझड. 'मैत्री', 'कपट' असे शब्द आले की खोडायला लावा, ते नंतर. मग दोघांचे फोटो दाखवा, कारण स्टालिन बऱ्याच मुलांना ओळखू येत नाही.

आता फळ्यावर चारच तारखा. २३ ऑगस्ट: जर्मनी-सोव्हिएत अनाक्रमण करार (एकमेकांवर हल्ला न करण्याचा). १ सप्टेंबर: जर्मनी पोलंडमध्ये. १७ सप्टेंबर: सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. २० सप्टेंबर: हे चित्र. 'मधला माणूस कोण?' एवढंच विचारा. पोलंड हे उत्तर मुलंच देतात.

पट्ट्या शेवटी काढा. हिटलर: 'जगातला गाळ तो आपणच ना?' स्टालिन: 'कामगारांचे रक्तपिपासू मारेकरी आपणच, नाही का?' इथे 'आपण' सोडू नका. 'तू' केलंत की नुसतं भांडण उरतं. सगळी खोच शिवी अदबीने देण्यात आहे.

आणि झेरॉक्स फिकट काढा. गडद काढली की मृतदेह आणि ढिगारे मिळून एकच काळा डाग होतो.

जुनी_बखर:
वरच्याला +१, पण खरी घसरगुंडी पुढेच आहे. मुलं हमखास लिहितात, 'हिटलर आणि स्टालिन पोलंडमध्ये भेटले.' ते दोघं कधीच भेटले नाहीत. करारावर मॉस्कोत सह्या केल्या त्या दोघांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, रिबेनट्रॉप आणि मोलोतोव्ह यांनी. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या एका चित्रकाराचं मत काय होतं, याचा हा पुरावा. भेटीचा नव्हे.

हुशार मुलं दुसरीकडे घसरतात: 'लोने गुप्त करार उघड केला.' पोलंड वाटून घेण्याचं गुप्त कलम जगापुढे आलं युद्धानंतर. लोने काढलं ते फौजांनी उघडपणे केलेलं. हिटलरचा २२ जून १९४१चा रशियावरचा हल्लाही या तासाला आणू नका, नाहीतर लोला भविष्य दिसत होतं असं ठरवून मुलं मोकळी होतात. त्यापेक्षा विचारा, हे चित्र त्या आठवड्यात बर्लिनच्या किंवा मॉस्कोच्या पेपरात छापलं असतं का?

खडूफळा:
तारखांची युक्ती झकास. प्रती किती काढू? आणि गुण कसे द्यावेत?

रेघोटी:
दोघांत एक, म्हणजे ए-४च्या ३० प्रती. चार गुणांपैकी एक वर्णनाला, एक तारखेसह संदर्भाला, दोन लोच्या मताला. मताचे दोन मात्र चित्रातली खूण दाखवली तरच. 'लोला दोघंही ढोंगी वाटतात' एवढ्याला एक, 'कारण मृतदेहावरून वाकत टोप्या काढतायत' हे जोडलं तर दुसरा.