गाडीची चाबी आणि फोन सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवावेत का? माझं मत: चाबी हो, फोन नाही

राजेंद्रनगरवाला
इंदूरच्या मंडळींनो, सरळ मुद्द्यावर येतो. ज्यांची गाडी बटण दाबून सुरू होते, चाबी खिशातच राहते आणि हँडलला हात लावला की दार उघडतं, त्यांनी रात्री चाबी पाउचमध्ये ठेवलीच पाहिजे. फोन मात्र ठेवू नये. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन्हीसाठी मिळून एकच जाहिरात फिरतेय आणि लोक भराभर मागवताहेत, कशासाठी ते कुणी विचारत नाहीये, म्हणून हा धागा काढला.

चाबीचं काय होतं ते सांगतो. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, ती एक-दोन मीटरपर्यंतच पोचते, चाबी तेवढ्यात असेल तर ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते आणि दार उघडतं. पण चाबी खरंच किती लांब आहे हे बहुतेक गाड्या मोजतच नाहीत, उत्तर आलं म्हणजे जवळच असणार एवढंच धरून चालतात, सगळी गोम इथे आहे. दोन चोर येतात, एक गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या भिंतीपाशी अँटेना घेऊन, गाडीची हाक तो भिंतीपलीकडे खुंटीवर टांगलेल्या चाबीपर्यंत नेऊन पोचवतो, चाबी उत्तर देते, दार उघडतं, बटण दाबलं की गाडी चालू. कोड फोडावा लागत नाही, काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. आणि एकदा इंजिन सुरू झालं की चाबी लांब राहिली तरी ते मध्येच बंद पडत नाही, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं धोक्याचं म्हणून तसं ठेवलेलंच असतं, फक्त डॅशबोर्डवर सूचना येते.

हे काही कालपरवाचं नाही. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली, दहाही या पद्धतीने उघडली आणि सुरू झाली. चाबी त्यांनी ८ मीटरपर्यंत लांबून जागी केली. आणि लगेच करता येईल असा उपाय म्हणून त्यांनीच लिहिलंय की चाबी धातूच्या आवरणात ठेवा नाहीतर तिची बॅटरी काढा. रोज बॅटरी कोण काढणार? आपली घरं बघा ना, सुदामानगर घ्या नाहीतर लोकमान्यनगर, गेट, पोर्च, लगेच बैठक, आणि चाबी दाराशेजारच्या खुंटीला. ८ मीटर म्हणजे चोराला गेटच्या आत पण यायला नको.

ऑटो_इलेक्ट्रिक_पाटणीपुरा
भाऊ, तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे पण आमच्या धंद्यातलं ऐकून घ्या. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करून राहिलो इतकी वर्षं. चोराला तुमच्या चाबीची गरजच काय? मागची छोटी काच फोडतो, आत शिरतो, स्टिअरिंगखाली बिघाड तपासायचं ओबीडीचं सॉकेट असतं, जिथे आम्ही स्कॅनर लावतो तेच, तिथे मशीन लावून नवी चाबी गाडीला शिकवून टाकतो. तुमची जुनी पाउचमध्ये झोपलेली राहते. आणि आता तर त्याच्याही पुढची गोष्ट निघाली आहे, २०२२ मध्ये लंडनमध्ये एका माणसाची गाडी गेली, तो स्वतःच गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर काम करणारा, त्याने सोबत्याला घेऊन पूर्ण शोधून काढलं तर चोरांनी बंपर ओढून हेडलाइटची वायर गाठली होती आणि तिथूनच गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरीवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावर, खोटा मेसेज टाकला, की चाबी आली, उघड. त्यात रेडिओ सिग्नलचा संबंधच नाही, पाउच काय करणार?

म्हणून मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, गियरलॉक लावून घ्या. लोखंडाचा दांडा कुठल्या मशीनने उघडत नाही, कापावा लागतो, वेळ लागतो, आवाज होतो, कुत्री भुंकतात. पाउच घेतला की माणूस निश्चिंत होऊन जातो आणि गियरलॉक राहून जातो. हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून पाउचच्या विरोधात आहे.

राजेंद्रनगरवाला
गियरलॉकला माझा विरोध नाहीच, पण ओबीडीला आधी आत शिरावं लागतं, काच फोडावी लागते, हेडलाइटवाल्या पद्धतीत बंपर ओढावा लागतो, हे सगळं रस्त्यावर उभं राहून करायचंय. अँटेनावाला माणूस फक्त भिंतीला टेकून उभा राहतो, रात्री दीडला कुणी बघितलं तरी फोनवर बोलतोय असंच वाटेल. सगळ्यात सोपी, विनाआवाजाची वाट उघडी ठेवायची आणि बाकीच्या बंद करायच्या, हे मला पटत नाही.

स्नेहलतागंजची_वहिनी
दोघेही एक गोष्ट विसरताय. दुसरी चाबी! गाडीबरोबर दोन येतात. आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी पाउच घेतलाय त्या सगळ्यांनी रोजची चाबी त्यात ठेवलीय आणि दुसरी कपाटात नाहीतर देवघराच्या खणात तशीच उघडी पडलीय. ती पण जिवंतच असते ना, तिच्यात पण बॅटरी आहे, ती पण उत्तर देणार. खरं तर तिचीच बॅटरी काढून ठेवता येते, कारण ती रोज लागत नाही. बहुतेक चाब्यांत गोल नाण्यासारखी सीआर२०३२ असते, पण मॉडेलप्रमाणे फरक असतो, मॅन्युअलमध्ये बघून घ्यायचं. आणि बॅटरी नसली तरी अडचणीत गाडी चालू होते, आतली लोखंडी चाबी काढून दार उघडायचं आणि मग चाबी ठरलेल्या जागी, बऱ्याच गाड्यांमध्ये स्टार्टच्या बटणालाच, टेकवून धरायची.

विमा_सल्लागार_इंदूर
वहिनींच्या मुद्द्याला जोडून. गाडी चोरीला गेली की क्लेमच्या वेळी कंपनी मूळ चाब्या मागते, दोन्ही. एक हरवलेली असली की प्रश्नांची रांग लागते, कधी हरवली, कुणाकडे होती, कळवलं का. म्हणून दुसरी चाबी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. पाउच नेहमी एकाच जागी, हे शिस्तीने पाळलं तरच त्याचा उपयोग आहे, नाहीतर पाउचसकट चाबी हरवणारी घरं मी बघितलीयेत.

सुपर_कॉरिडॉर_आयटी
पाउच घेण्याआधी गाडीचं सेटिंग बघा की लोक हो. काही मॉडेलमध्ये हा बिनाचाबीचा प्रकार मेनूमधून नाहीतर शोरूममध्ये सांगून बंद करता येतो, मग चाबीचं बटण दाबल्याशिवाय दार उघडतच नाही. फुकट काम. काही नव्या चाब्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, थोडा वेळ चाबी पडून राहिली की आपोआप झोपते. आणि अजून नव्या ज्या अल्ट्रा वाइडबँडवाल्या आहेत त्या सिग्नलला जायला-यायला लागलेला वेळ मोजतात, मध्ये चोराचं यंत्र आलं की वेळ वाढतो आणि गाडी नकार देते. म्हणजे दोष गाडी बनवणाऱ्यांचा होता, दुरुस्त त्यांनीच करायला हवा, माझं मत हेच की गिऱ्हाइकाने कापडी पिशव्या विकत घेत बसणं हा उपाय नव्हे. २०११ ला कळलेली गोष्ट, आणि त्यानंतर इतकी वर्षं तसल्याच गाड्या विकल्या, याचा राग यायला हवा आपल्याला.

राजेंद्रनगरवाला
राग मलाही येतो. पण माझी गाडी आत्ता दारात उभी आहे, कंपनी सुधारेल तोपर्यंत काय करू?

वकील_खंडपीठ
फोनबद्दल राजेंद्रनगरवाल्यांनी एका वाक्यात निकाल लावला, तो मला मान्य नाही. मी इथे हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो. अशील माझ्यासमोर बसून जे सांगतो ते त्याच्या-माझ्यात राहायला हवं, हे आमच्या व्यवसायाचं मूळ आहे. २०२१ मध्ये पेगासस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण बाहेर आलं, सुप्रीम कोर्टाने समिती नेमली, समितीने २९ फोन तपासले आणि ५ फोनमध्ये कुठलातरी घातक प्रोग्राम सापडला, तो पेगाससच होता असं ठामपणे म्हणता आलं नाही हे खरं, पण सापडला तर होताच. मी कुणाला कधी भेटायला गेलो, कुठल्या गावी गेलो, हे टॉवरच्या नोंदीवरून कळतं आणि त्यातून अशिलाचं नाव उघड होऊ शकतं. फोन बंद करा म्हणाल तर काही फोन बंद केल्यावरही ब्लूटूथवरून आपला ठावठिकाणा कळवत राहतात, आयफोनमध्ये ही सोय २०२१ पासून आहे. फोन हरवला तर उपयोगी, पण 'बंद' म्हणजे पूर्ण बंद राहिलेलं नाही. तेव्हा निघण्याआधीच फोन पाउचमध्ये टाकला तर त्यात वेडेपणा काय? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलंय, तो हक्क वापरायला साधन लागतं.

सुपर_कॉरिडॉर_आयटी
वकीलसाहेब, ठावठिकाण्यापुरतं तुमचं बरोबर, पण अशिलाचं बोलणं वाचवायला पाउच कामाचा नाही, उलट धोक्याचा आहे. पाउच रेडिओ लहरी अडवतो, आवाज अडवत नाही. फोनमध्ये खरंच हेरगिरीचा प्रोग्राम असेल तर तो पाउचमध्येही ऐकत राहील, साठवून ठेवेल आणि बाहेर काढून नेटवर्क मिळालं की पाठवून देईल. २०१३ मध्ये हाँगकाँगला, अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनने भेटायला आलेल्या वकिलांचे फोन फ्रीजमध्ये ठेवायला लावले होते ते आवाज बाहेर राहावा म्हणूनच. तुम्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, झालं. शिवाय चालू फोन पाउचमध्ये असला की टॉवर शोधत बसतो, गरम होतो, बॅटरी उतरते.

वकील_खंडपीठ
दुसऱ्या खोलीत ठेवता येतो तो माझ्या ऑफिसात. धार-झाबुआकडच्या एखाद्या घरी गेलो तर तिथे एकच खोली असते आणि फोन गाडीत ठेवला तर गाडी कुठे उभी आहे ते टॉवरला कळलंच. आवाजाचा मुद्दा घेतो, पण ठावठिकाणा लपवणं हे माझ्या अशिलाच्या जिवाचं काम असू शकतं, त्याला कमी लेखू नका.

लेक_पुण्याहून
मी इंदूरची, माहेर लोकमान्यनगर, आता पुण्यात. आईबाबा दोघेच असतात तिकडे. बाबांना कुणीतरी सांगितलं की रात्री फोन पाउचमध्ये ठेवला की हॅक होत नाही, तर ते ठेवायला लागले. रात्री बाबांना बरं नसेल आणि आईला घाबरून फोन कुठे ठेवलाय तेच आठवलं नाही तर? मी केला तर लागत नाही, शेजारच्या काकूंनी केला तर लागत नाही. वकीलकाका तरुण असतील, त्यांना कळतंय कधी काढायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना हे विकणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यांचे पैसे हवेतल्या सिग्नलने जात नाहीत हो! 'डिजिटल अरेस्ट'वाला फोन करतो, पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर येतो, दिवसभर घाबरवतो आणि माणूस स्वतःच्या हाताने ट्रान्स्फर करतो. पाउचने त्यातलं काय थांबणार? त्यापेक्षा १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी भिंतीवर चिकटवा, पैसे गेले तर त्या क्षणी तिथे कळवायचं, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि व्हिडिओवर अटक होत नाही हे त्यांना परत परत सांगा, एकदा सांगून पुरत नाही.

वकील_खंडपीठ
ताई, ज्येष्ठांच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाहीच. मी बोलतोय ते ज्याला गरज आहे त्याने, तेवढ्या वेळापुरतं वापरण्याबद्दल.

नवीन_सदस्य_विजयनगर
पाउचपेक्षा जॅमर लावला पोर्चमध्ये तर? ऑनलाइन दिसून राहिलेत.

सुपर_कॉरिडॉर_आयटी
अजिबात नको. जॅमर स्वतः लहरी सोडून दुसऱ्याचे सिग्नल बिघडवतो, परवानगीशिवाय ठेवणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि शेजाऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची असली तर त्याचाही फोन बंद. पाउच काहीच सोडत नाही, नुसतं धातूचं आवरण आहे, फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलेलं तत्त्व, त्याला वीज पण लागत नाही. उलट चोरच कधीकधी पार्किंगमध्ये जॅमर घेऊन उभे असतात, तुम्ही लॉकचं बटण दाबता आणि गाडी लॉक होतच नाही. छप्पन दुकानला खायला जाताना गाडी लावली की हँडल ओढून बघा, मग जा.

ऑटो_इलेक्ट्रिक_पाटणीपुरा
हे हँडल ओढून बघायचं मी पण सगळ्यांना सांगतो. आता पाउच घेणारच असाल तर निदान तपासून घ्या. चाबी पाउचमध्ये घाला, तोंड नीट दोन घड्या मारून बंद करा, दुसरी चाबी लांब घरात ठेवून या, आणि पाउच अगदी हँडलला चिकटवून दार उघडून बघा. उघडलं तर पाउच रद्दी. फोनची रिंग देऊन तपासू नका, फोनची फ्रिक्वेन्सी वेगळी, चाबीची वेगळी. आणि दर महिन्याला परत बघा, कारण आतलं कापड धातूचा थर दिलेलं असतं, ते रोज घडी पडून पडून तिथेच झिजतं, बाहेरून नवंकोरं दिसतं. स्टीलच्या डब्यात ठेवणारे पण आहेत, एखाद्यात सिग्नल अडतो, एखाद्यात झाकणाच्या फटीतून निघून जातो, तोही असाच तपासायचा. स्वयंपाकघरातलं फॉइल गुंडाळू नका, दोन दिवसात फाटतं.

राजेंद्रनगरवाला
हे तपासायचं तंत्र जाहिरातीत कुठेच नाही, पाउचबरोबर छापून द्यायला हवं. मी पाउच आणि गियरलॉक दोन्हीच्या बाजूने आहे आणि राहणार.

ऑटो_इलेक्ट्रिक_पाटणीपुरा
आणि मी आधी गियरलॉकच्या. ज्याला एकच घेणं परवडतं त्याला मी पाउच घे असं सांगणार नाही. ज्यांची गाडी साध्या चाबीने, खटका फिरवून सुरू होते, त्यांना तर पाउचची काहीच गरज नाही, आणि माझ्याकडे पाउच दाखवायला आणणाऱ्यांत अर्धे तेच असतात.