सतत जिंकणाऱ्याचं खातं बुकमेकर आवळतो, पण तोट्यात असलेल्याचं का?

सातपूरकर:
भाचा लेस्टरला शिकतो. तिथे बेटिंग कायदेशीर आहे, खातं त्याच्याच नावावर आहे आणि कागदपत्रांची पडताळणीही झालेली आहे. फुटबॉलवर चाळीसेक बेट्स लावल्या, एकूण हिशेबात तो थोडा तोट्यातच आहे. तरी आता २.१० च्या भावाला (जिंकलं तर लावलेली रक्कम धरून २.१० पट परत) ५० पौंड टाकले की 'कमाल ९.०९ पौंड' असं येतं. जिंकणाऱ्याला बाहेर काढतात हे ऐकून होतो, हरणाऱ्याला का? हे नियमात बसतं का? आणि असंच इथे नाशकात बसून करता येईल का, असं त्याचा धाकटा भाऊ विचारतोय.

भावफरक:
दादा, तो जिंकतोय की हरतोय हे सुरुवातीला कुणी बघतच नाही. बघतात ते भाव: बेट लावताना मिळालेला भाव आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव, या दोहोंतला फरक.

समजा सामना सुरू होताना दोन्ही बाजूंना १.९१ भाव आहे. १ भागिले १.९१ म्हणजे ५२.३६ टक्के, दोन्ही बाजू मिळून १०४.७. वरचे ४.७ हे बुकमेकरचं मार्जिन. ते वजा केलं की शक्यता उरते ५०-५० आणि खरा भाव २.००. भाच्याने त्यातली एक बाजू आदल्या दिवशी २.१० ला घेतली असेल, तर दर १०० पौंडांमागे सरासरी ५ पौंड त्याच्या पदरात. पण एकेका बेटमधला चढउतार इतका मोठा असतो (प्रमाण विचलन रकमेच्या साधारण १.०५ पट) की अशा ५० बेट्स लावूनही तोट्यात असण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास राहते. नफ्यावरून खात्री करायची म्हटली तर सतराशेच्या वर बेट्स जाव्या लागतील. शेवटच्या भावाशी ताडून पाहिलं तर वीस-तीस बेट्समध्येच माणूस ओळखू येतो. लासलगावच्या लिलावात एखादा व्यापारी दर वेळी कांदा चढायच्या आदल्या दिवशी माल उचलत असेल, तर त्याने यंदा किती कमावले हे कुणी विचारत बसत नाही.

९.०९ चा उगमही सोपा आहे. मर्यादा बहुधा जिंकायच्या रकमेवर बांधलेली असते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्या सामन्यावर १,००० पौंड जिंकू देत असतील आणि भाच्याच्या खात्याला ०.०१ चा गुणक लावला असेल, तर त्याला जिंकता येणार फक्त १०. भाव २.१०, म्हणून १० भागिले १.१०.

मखमलाबादकर:
भावाच्या जोडीला आणखी खुणा असतात. ४७.३६ अशी विचित्र रक्कम टाकली की दोन बुकमेकरांच्या भावांतला फरक पकडणारा कॅल्क्युलेटर वापरलाय हे उघड होतं. दुसऱ्या बुकमेकरकडे भाव पडला आणि इथे अजून बदलला नाही, नेमक्या त्याच मिनिटाला बेट येते. खालच्या डिव्हिजनच्या लीगवर, बाजार उघडल्या उघडल्या, दर वेळी कमाल रक्कम. कसिनोकडे ढुंकून बघणं नाही. शेवटची खूण माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे, कारण त्यांना करमणुकीसाठी येणारं गिऱ्हाईक हवं असतं. आवळायला सुरुवात मात्र सवलतींपासून होते: फ्री बेट बंद, घोड्यांच्या शर्यतींत शर्यत सुटतानाचा भाव घेतलेल्या भावापेक्षा जास्त निघाला तर त्या वाढीव भावाने पैसे देण्याची हमी बंद, आणि मग रक्कम.

नियमात बसतं. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यामुळे २००७ पासून स्वीकारलेल्या बेटचे पैसे कोर्टातून वसूल करता येतात, पण बेट स्वीकारलीच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींपुरता उलटा नियम केला, ठरावीक रकमेपर्यंतची बेट बुकमेकरला नाकारता येत नाही.

सातपूरकर:
मग जिंकणाऱ्याने जायचं कुठे?

भावफरक:
एक्स्चेंजवर. तिथे गिऱ्हाईक गिऱ्हाइकाशी खेळतं, कंपनी मधलं कमिशन घेते, त्यामुळे कोण जिंकतो याने तिला फरक पडू नये. तरी बेटफेअर या एक्स्चेंजने २००८ मध्ये सतत जिंकणाऱ्यांवर वेगळं शुल्क बसवलं आणि २०११ मध्ये काहींसाठी ते नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेलं. पिनॅकल या बुकमेकरची रीत निराळी: मार्जिन कमी, मर्यादा मोठ्या, आणि हुशार माणसाची बेट आली की त्याला न हाकलता स्वतःचा भाव हलवायचा. म्हणून इतर बुकमेकर त्यांच्या भावावर डोळा ठेवून असतात.

द्वारकासर्कल:
धाकट्याला स्पष्ट नाही म्हणा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, बेटिंग त्यातच आलं. परदेशी साइटवर पैसे भरायला गेलं की कुणाच्या तरी खाजगी खात्याचा यूपीआय देतात. तेच खातं सायबर पोलिसांच्या तक्रारीत निघालं की साखळीतली खाती गोठतात, त्यात तुमचंही. गल्लीतल्या बुकीकडे तर लिमिट हा प्रकारच नाही. तो जिंकणाऱ्याला दोन पैसे कमी भाव सांगतो, त्याचा सौदा वरच्या बुकीकडे कटिंग करून (म्हणजे पुढे ढकलून) टाकतो, नाहीतर वलणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या, दिवशी फोन उचलत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करारच रद्दबातल, दावा करायची सोय नाही.

सातपूरकर:
समजलं. भाचा आता रूममेटच्या नावावर खातं काढू म्हणतोय.

मखमलाबादकर:
नको. तोच फोन, तेच वायफाय, तीच बेट लावायची पद्धत, लगेच जुळतं. दुसऱ्याच्या नावाआडून खेळणं अटींच्या विरुद्ध आहे. बहुतेकदा पैसे काढताना बँक खात्याचं नाव तपासतात, तिथे अडकतो, आणि मग जिंकलेली रक्कम अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. त्यापेक्षा आत्ताची शिल्लक काढून घ्यावी आणि बेट्सचा इतिहास उतरवून ठेवावा. आधी लावलेल्या ज्या बेट्सचा निकाल बाकी आहे, त्या मूळ रकमेनेच चालतात, लिमिट फक्त पुढच्यांना.