शार्लोट तलावाला पंचवीस जण: धोदाणीची वाट की दस्तुरी?

खारघरकर: सोसायटीचा २५ जणांचा ग्रुप, निम्मे नवखे, जुलैचा रविवार. माथेरानच्या शार्लोट तलावाला एका दिवसात जाऊन यायचं तर पनवेलहून पायथ्याचं धोदाणी गाव गाठावं आणि तिथून सनसेट पॉइंटला चढावं. दस्तुरीवरून, म्हणजे नेरळहून गाड्या जिथवर जातात तिथून, जाण्याला ट्रेक म्हणता येत नाही.

घाटवाट: वाट वाईट नाही, गावकरी तिच्यावरूनच भाजी-दूध वर नेतात. पण ती एकेरी आणि नागमोडी आहे. पंचवीस जणांची ओळ तासाभरात दोन-तीन वळणांवर पांगते आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला धोंडा खालच्या वळणावरच्या माणसावर येतो. उतरताना आणखी वाईट. मांड्या थरथरत असतात, शेवाळलेल्या दगडावर टाच आधी टेकते, अंगाचा भार मागे जातो आणि पाय सटकतो. नवख्यांना जुलैत तिथून उतरवू नये.

खारघरकर: मान्य, मग चढताना धोदाणी, उतरताना दस्तुरीहून नेरळ. त्यासाठी एसटीनेच जायचं. गाड्या धोदाणीत ठेवल्या की त्यांच्यासाठी परत तिथेच उतरावं लागतं. बारा-तेराचे दोन गट, मध्ये वीस मिनिटांचं अंतर. प्रत्येक गटात पुढे एक आणि अगदी शेवटी एक, दोघेही वाट माहीत असलेले. प्रत्येकी दोन लिटर पाणी, छत्रीऐवजी पोंचो, कारण हात मोकळे हवेत.

कळवा लोकल: एवढा खटाटोप कशाला? ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सी, दस्तुरीपासून लाल मातीची सावलीतली वाट. दमलेल्यांसाठी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल. गुडघे दुखणाऱ्या काकूही तलाव बघतील. ग्रुप म्हणजे सगळे ना?

सह्यवेडी: वाटेवरून भांडताय, पण माणसं बुडतात ती तलावात. माथेरानला प्यायचं पाणी इथूनही मिळतं, त्यामुळे त्यात उतरूच नये, आणि पावसाळ्यात तर तो फसवा असतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही; काठची माती पायाखालून निसटते आणि पुढच्याच पावलाला खोल लागतं. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्या शेवाळावर फोटोसाठी कुणालाही जाऊ देऊ नका. चढून घामाघूम झालेला ग्रुप पाणी दिसलं की पायातले बूट काढतो. म्हणून डबे पिसारनाथ मंदिराच्या बाजूला उघडा, पोचल्यावर आणि निघताना डोकी मोजा. कळवावाले, हे दस्तुरीवरून येणाऱ्यांनाही लागू आहे.

घाटवाट: सह्यवेडीताईंशी शंभर टक्के सहमत. दोन गट करत असाल तर माझा विरोध निम्मा कमी झाला. पण वेळ ठरवून घ्या: आठला धोदाणी सोडली आणि अकरापर्यंत माथा आला नाही, तर तलाव सोडून सरळ बाजारमार्गे दस्तुरी. आणि निघताना हवामान खात्याचा पावसाचा इशारा ठाण्याचा नव्हे, रायगडचा बघा. माथेरान त्या जिल्ह्यात आहे. रेड असेल तर घरीच.

खारघरकर: आणि ऑरेंज असेल तर?

घाटवाट: तर कळवावाल्यांची लोकल.