फॅमिली कोर्टात नियम नक्की कुठपर्यंत चालतात?

पुढची_तारीख
नवऱ्याने घटस्फोटाची याचिका टाकली आहे. मी वकील दिलेला नाही, स्वतःच उभी राहते. समन्स मिळालं त्याच महिन्यात मुलगी डेंगूने ॲडमिट होती, त्यात दोन तारखा गेल्या. त्यानंतरच्या तारखेला गेले तर कळलं की माझ्यावर 'नो डब्ल्यूएस'चा आदेश झालाय, आता माझी कैफियत, म्हणजे याचिकेवरचं लेखी उत्तर, घेणार नाहीत.
माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप चॅटच्या चाळीसेक पानांच्या प्रिंट आहेत आणि फोनवरचं एक रेकॉर्डिंग. समोरचे वकील म्हणतात, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, चालणार नाही. बाहेर बाकावर भेटलेल्या एक बाई म्हणाल्या, "फॅमिली कोर्टात नियमबियम नसतात, साहेब ठरवतील ते." नियम नसतात तर माझी कैफियत कशी बंद झाली? आणि असतात तर सगळे माझ्यावरच का?

बिनधास्त_बोला
कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14 दाखवा. फॅमिली कोर्टात काहीही पुरावा चालतो. विषय संपला.

निवृत्त_शिरस्तेदार
विषय संपत नाही हो, तिथूनच सुरू होतो. मी बत्तीस वर्षं कोर्टात काढली, त्यातली शेवटची अकरा फॅमिली कोर्टात, म्हणून जरा लांबण लावतो.
ताई, बाकावरच्या बाई अर्ध्या बरोबर आहेत. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 चा. त्याचं कलम 10 म्हणतं की इथे दिवाणी प्रक्रिया संहिताच लागू. समन्स, कैफियत, मुद्दे, एकतर्फी, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी), सगळं तिथूनच येतं. त्याच कलमात पुढे पोटकलम 3 आहे: तडजोड घडवायला किंवा खरं काय ते शोधायला कोर्ट स्वतःची पद्धत आखू शकतं. लोकांना हे दुसरं वाक्यच तेवढं लक्षात राहतं.
कलम 14 चंही तसंच. एरवी पुरावा कायद्यात बसला नसता असा कागदही कोर्ट घेऊ शकतं, पण वाद सोडवायला त्याची मदत होईल असं कोर्टाला वाटलं तर. अधिकार कोर्टाचा आहे, पक्षकाराचा हक्क नाही. आणि कागद घेतला म्हणजे मानला असं होत नाही. एका पोटगीच्या प्रकरणात बाईंनी दुधाच्या हिशेबाची वही आणली होती. नवरा म्हणत होता, मी दरमहा घरखर्च देतो. बाईंचं म्हणणं, दुधाचे पैसेसुद्धा मीच भरते. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, वही सिद्ध नाही. साहेबांनी हरकत नोंदवून वही दाखल करून घेतली, मीच तिच्यावर निशाणी (रेकॉर्डचा क्रमांक) घातली. बाई खूश! उलटतपासात वकिलांनी एकच पान उघडलं. वरच्या ओळी फिकट निळ्या, खालच्या सात ओळी गडद शाईत, आणि बेरीज तिसऱ्याच अक्षरात. "ही बेरीज कोणी केली?" बाई म्हणाल्या, भावाने, मागच्या आठवड्यात. वही रेकॉर्डवर राहिली, निकालात तिचा उपयोग काही झाला नाही.
म्हणजे कागद आत यायचं दार इथे रुंद आहे. पण समोरच्याला तो बघू देणं, त्यावर त्याला बोलू देणं, उलटतपास घेऊ देणं, हे कुठल्याच कलमाने काढून टाकलेलं नाही. ते त्यांच्याविरुद्ध तुमच्याही कामाचं आहे.
आता तुमची कैफियत. संहितेत मुदत समन्स बजावल्यापासून 30 दिवस, कारण पटलं तर 90. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलंय की योग्य कारण असेल तर 90 नंतरही कैफियत घेता येते, मात्र तो अपवाद, रिवाज नव्हे. (व्यापारी दाव्यांचं गणित निराळं, ते इथे आणू नका.) तेव्हा नो डब्ल्यूएसचा आदेश रद्द करून कैफियत दाखल करून घ्यावी असा अर्ज द्या, सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. आणि कैफियत त्याच दिवशी तयार हवी. "अर्ज मंजूर झाला की लिहून आणते" म्हणणारे मी शेकड्याने पाहिले. त्यांना पुढची तारीख मिळते, दुसरं काही नाही. समोरच्याचा सरतपास (त्याची स्वतःची साक्ष) सुरू व्हायच्या आत हे उरका. कॉस्ट (उशिराबद्दल भरायची रक्कम) बसली तर भरा, पावती जपा.

नवा_काळाकोट
काकांनी सांगितलं ते बरोबर, मी फक्त प्रिंटबद्दल भर घालते. कलम 14 च्या भरवशावर प्रमाणपत्र टाळू नका. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 63 मध्ये आहे, नमुना कायद्यासोबतच दिलाय. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) येते. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट कापून फक्त सोयीचे चार मेसेज दिलेत तर उलटतपासात मागचे-पुढचे मागतीलच.
रेकॉर्डिंग चोरून केलेलं असलं तरी घाबरू नका. 14 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोमधल्या वादात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलंय. खरं-खोटं अर्थातच तपासलं जाणार.
आणि वकील. कलम 13 प्रमाणे इथे वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, पण अर्ज दिला की ती बहुधा मिळते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. उलटतपासापुरता तरी घ्या.

पुढची_तारीख
दोघांचे आभार. डिस्चार्ज कार्ड सापडलं. एक राहिलंच, मी पोटगीचा वेगळा अर्ज केलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली. नो डब्ल्यूएसमुळे तोही अडकेल का? आणि समुपदेशकांसमोर मी रागात बरंच बोलले होते, ते पुराव्यात येईल?

निवृत्त_शिरस्तेदार
नाही अडकणार. 144 म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, त्याला फौजदारी प्रक्रिया लागते, फाइलही वेगळी. दोन्ही एकाच साहेबांपुढे असली तरी रोजनामे (रोजच्या कामकाजाच्या नोंदी) दोन. त्यात उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं, 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. त्यांनी दिलं नसेल तर आधी ते मागा. एक जपा: पोटगीचा आदेश झाल्यावर रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. इथे कोणी ढील देत नाही, मी तीन वर्षांची थकबाकी घेऊन आलेल्या बायांना परत जाताना पाहिलंय.
समुपदेशकांपुढचं बोलणं गोपनीय असतं. त्यांच्या टिपणांवर निशाणी पडत नाही.
अर्ज टाइप करताना वर निशाणी क्रमांकाची जागा कोरी सोडा. तो आकडा आमचे लोक घालतात, पक्षकाराने घातला की खिडकीवरूनच परत येतो.